टाकीचं झाकण

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं. तुझ्या शोकसभेत हे वाक्य चार वक्त्यांनी म्हटलं, आणि चौघांनीही ते आत्ताच सुचल्यासारखं म्हटलं. दिगू, तुझं कार्य सध्या नांदेडला माझ्या अंगणात उभं आहे आणि कालपर्यंत सुरू होत नव्हतं.

वहिनींनी ते लातूरहून ट्रकवर घालून पाठवलं. "भाऊजी, ही गाडी तुम्हीच ठेवा. दारात उभी बघवत न्हाई, आन् भंगारात द्यायला हात उचलत न्हाई," एवढंच फोनवर म्हणाल्या. ट्रकवाल्यानं उतरवून घेताना विचारलं, "सर, चालू हाय का ही?" मी म्हणालो, कधीमधी. तीस वर्षं तूही सगळ्यांना हेच उत्तर द्यायचास.

शोकसभा तुझ्या क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये होती. स्टेजच्या मागे तुझा फ्लेक्स. त्यात तुला टाय बांधलेला होता. तू आयुष्यात टाय बांधला नाहीस. फ्लेक्सवाल्यानं संगणकावर बांधला असणार. खाली 'भौतिकशास्त्राचे भीष्माचार्य' आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, 'नवीन बॅच सोमवारपासून' हे पुसायचं राहून गेलं होतं. एका वक्त्यानं सांगितलं की सरांच्या हृदयाचं इंजिन अचानक थांबलं. तू डेंग्यूनं गेलास. तुझं हृदय ठणठणीत असल्याचा कागद वहिनींच्या पिशवीत होता. पण गाडीची आवड असलेला माणूस मेला की त्याचं हृदय हे इंजिन असावंच लागतं, त्याला इलाज नाही.

मग दुसरा उठला. म्हणाला, "सरांचं निदान कधी चुकलं नाही. नुसता आवाज ऐकून ते गाडीचा दोष सांगायचे." हॉलभर माना हलल्या. मला हसू आलं. तोंडावर रुमाल धरला तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. बाटली हातात घेईपर्यंत त्यांचं खरं झालं होतं.

तुझं निदान कधी चुकलं नाही! अरे, मी तीस वर्षं बघत आलो, तुझं निदान कधी बरोबर आलं नाही. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

गाडी आपण दोघांनी मिळून पाहिली होती. मी इतिहासाचा, तू भौतिकशास्त्राचा, दोघंही लातूरच्या एकाच कॉलेजात नोकरीला. नांदेडला माझ्या घराजवळ एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आवारात चिंचेखाली ती उभी होती. मुंबईत टॅक्सी म्हणून पळायची त्याच जातीची, गोल दिव्यांची. आत कोंबडी अंड्यावर बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, कोंबडी सोडून बाकी सगळं घेऊन जा. तू बॉनेट उघडलंस, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटलेस. मी म्हणालो, "दिगू, ती बंद आहे." तू म्हणालास, "म्हणून तर नीट ऐकू येतंय, गुरुजी. तू गप बस."

मला गुरुजी म्हणणारा तू एकटाच. बाकी सगळे सर म्हणायचे.

त्या गाडीपायी मला तुझा शागीर्द व्हावं लागलं. पाने ओळखायला शिकलो. प्लग घासायला शिकलो. त्या श्रावणात टाकीच्या जोडातून पेट्रोल झिरपायला लागलं, तेव्हा तू कपडे धुवायचा पिवळा साबण ओला करून त्या फटीत दाबून बसवलास. म्हणालास, "पेट्रोलमध्ये साबण विरघळत न्हाई. ड्रायव्हर लोकांची ही विद्या कुठल्या पुस्तकात न्हाई." मी फार प्रभावित झालो. तीन वेदांनंतर चौथा मिळाल्यासारखं मला वाटलं.

आणि मग गणपती आले.

आपल्या कॉलनीच्या गणपतीची विसर्जनाची मिरवणूक त्या वर्षी तुझ्या गाडीतून निघाली. मूर्ती टपावर, आपण दोघं पुढे, पोरं चारी बाजूंनी. गुलाल असा की पुढचं दिसेना, आणि वरून गच्चीगच्चीवरून पाणी. निघायच्या आधी तू हार बांधत होतास, मी मागच्या बाजूला उभा होतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मला एक बारीक भोक दिसलं. सुईएवढं. मला वाटलं, जुनी गाडी, गंजून पडलं असेल. यातून गुलालाचं पाणी पेट्रोलमध्ये जाणार. मी नळावर गेलो, धुणं धुवायच्या दगडावरचा साबण उचलला, एक बोटभर काढला आणि ते भोक आतून-बाहेरून छान लिंपून टाकलं. तुला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं मी वर्गात सांगायचो.

आम्ही इतिहासवाले भोक दिसलं की पडझड समजतो. कारखान्यानं विचार करून, मुद्दाम पाडलेलं भोक असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे भूकंप झाला.

त्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालं आहे. मी फक्त आपल्या गाडीपुरतं बोलतो. उजाडता उजाडता बातमी आली की किल्लारीकडं काही उरलं नाही. तुझी गोदाक्का किल्लारीच्या पलीकडच्या गावात दिली होती. आई गेल्यावर तुला वाढवलेली मोठी बहीण. तू डिकीत पाण्याचा कॅन, सतरंज्या, जॅक आणि लोखंडी पहार टाकलीस. गाडीवर अजून गुलाल होता. टपावर हार तसाच. त्या गुलाल माखलेल्या गाडीतून आपण निघालो, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

औशापर्यंत गाडी अशी पळाली की मला तिचा अभिमान वाटला. औसा सोडलं आणि तिनं आचके दिले. दोन, तीन, आणि बंद. तू उतरलास. प्लग पाहिले, ठिणगी पाहिली. मग मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलंस. फुस्स असा आवाज आला. तू काडी घालून पाहिलंस, पेट्रोल होतं. म्हणालास, "तापलंय. नळीत वाफ धरलीय." झाकण लावलंस, ओलं फडकं कॉइलवर ठेवलंस, थोडं थांबलास आणि सेल्फ मारलास. सुरू! आपण एकमेकांकडं बघून हसलोसुद्धा. देवा, आपण हसलो.

असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी तेच: आचके, बंद, तपासणी, झाकण, फुस्स, सुरू. चौथ्या वेळी तू अर्धं कार्बोरेटर रस्त्यात उघडून बसला होतास. जीपा आणि ट्रक माणसांनी भरून चालले होते. मी हात केला, कोणी थांबलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

गावात आपण पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. घराच्या जागी दगड आणि पांढऱ्या मातीचा ढीग. गोदाक्काला बाहेर काढून सतरंजीवर ठेवलं होतं. शेजारची म्हातारी तुझ्याजवळ आली आणि तुझ्या गालाला हात लावून म्हणाली, "आत्ता घटकेभरापस्तोर बोलत होती रं. माळवदाची तुळई व्हती अंगावर. उचलंना कुणाला. दिगू निघाला आसंल म्हणत होती."

तुळई उचलायला जॅक लागला असता. तो आपल्या डिकीत होता.

तू रडला नाहीस. गाडीपाशी गेलास, डिकी उघडलीस, जॅक काढलास आणि पुढच्या घराकडं चालत गेलास. त्या दिवशी त्या जॅकनं तीन माणसं निघाली. पहारेवर मी होतो. संध्याकाळी कोणीतरी आपल्याला चहा दिला, तेव्हा तू पहिल्यांदा बोललास. "काय झालं असंल रे गुरुजी तिला?" मला वाटलं तू आक्काबद्दल विचारतोयस. तू गाडीकडं बघत होतास.

बस, तिथून तुझं निदान सुरू झालं.

पुढं मी नोकरी बदलून नांदेडला घरी परतलो, तरी दरवर्षी त्याच दिवशी मी लातूरला यायचं, आपण गाडी काढायची, औसा ओलांडायचं, पहिल्यांदा जिथं बंद पडली होती तिथं लिंबाखाली थांबायचं, आणि तू त्या वर्षीचं निदान सांगायचं. पहिल्या वर्षी कॉइल. दुसऱ्या वर्षी कंडेन्सर. मग पॉइंटमधली फट. मग पेट्रोलमधली भेसळ. मग पुन्हा कॉइल, पण वेगळ्या कारणानं. मग आक्काच्या गावाला, नव्या वसाहतीत, भाचीकडं जेवायचं आणि परत. गाडी त्या दिवसासारखी पुन्हा कधीच बंद पडली नाही. मात्र धड चाललीही नाही. पावसाळ्यानंतर तर ती खोकलायची, दचकायची, चढावर दम सोडायची. बाजारातले मिस्त्री तुला हसायचे. "दिगूसर, पोरांला फिजिक्स शिकवायलाव, आन् सोत्ताची गाडी कळंना तुम्हाला?" तूही हसायचास. मी सुद्धा हसलो तुला. एकदा म्हणालो, "तुझ्या निदानांचा संग्रह काढला तर दोन खंड होतील." तू म्हणालास, "प्रस्तावना तू लिही."

दरम्यान लातूर वेडं झालं. जळकोटपासून इस्लापूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, घराघरांत खोल्या निघाल्या, चौकाचौकांत पहिल्या आलेल्यांचे चेहरे लागले. तू कॉलेज सोडून क्लास काढलास. आपलं खरं भांडण त्यावरून. मी म्हणायचो, तू शिक्षक होतास, आता चारपैकी बरोबर पर्याय विकतोस. तू म्हणायचास, "किल्लारीचं एक पोरगं डॉक्टर झालं ना गुरुजी, तर मला कुणी काय बी म्हणावं." हे भांडण आपण मिटवलं नाही. तू आता नाहीस म्हणून मी ते जिंकलो असं होत नाही. उलट आता तुझंच म्हणणं मला सारखं आठवतं.

एकदा तुझ्या वर्गात मागे येऊन बसलो. तीनशे पोरं, तू माईकवर. हातात तेलाचा पत्र्याचा डबा. त्याला एक भोक पाडून तू उलटा केलास. दोन थेंब पडले आणि थांबले. "का थांबलं?" मग तूच म्हणालास, "तेल बाहेर यायचं तर हवेला आत जायला नको का? दुसरं भोक न्हाई, तर हवा आत न्हाई. आत ओढ तयार होते, तेल अडतं. आता दुसरं भोक पाडलं की आवाज येईल. पोरांनो, तो आवाज हवा बाहेर आल्याचा नसतो, आत गेल्याचा—"

आणि तुझी नजर माझ्यावर पडली. मी आल्याचं तोवर तुला माहीत नव्हतं. तू डबा टेबलाखाली ठेवलास आणि म्हणालास, "हे जाऊ द्या. हे परीक्षेला येत नाही." आणि पुढचं प्रकरण सुरू केलंस.

मागच्या बाकावर मला त्या सकाळचा आवाज आठवला. फुस्स. झाकण. पिवळा साबण. पेट्रोल निघत होतं, हवा आत जात नव्हती, इंजिन उपाशी मरत होतं. तू झाकण उघडायचास, हवा आत जायची, गाडी सुरू व्हायची, आणि तू पुन्हा तेच झाकण लावायचास. दहा वर्षांनी मला कळलं की त्या सकाळी गाडी कोणी बंद पाडली.

बाहेर आल्यावर मी काय केलं? मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, प्रयोग अर्धवट सोडतोस, परीक्षेला येत नाही म्हणतोस, हीच तुमची क्लासची संस्कृती! तू ऐकून घेतलंस. म्हणालास, "हाव, चुकलंच." माणूस स्वतःचं तोंड दाबायला दुसऱ्यावर किती मोठ्यानं ओरडू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी सांगणार होतो. दरवर्षी. नांदेडहून निघताना बसमध्ये वाक्य जुळवायचो. लोह्यापर्यंत ते तयार व्हायचं, अहमदपूरला त्यात विशेषणं शिरायची, लातूरला उतरेपर्यंत ते भाषण झालेलं असायचं आणि भाषण मला करता येत नाही. लिंबाखाली उभा राहायचो, तू नवं निदान सांगायचास, आणि मी म्हणायचो, "असेल बाबा, तसंच असेल." त्या क्षणी मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर दर वर्षी मला सुटल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी मी ठरवलंच होतं. आपण लिंबाखाली दगडावर बसलो होतो. तू भाचीनं दिलेल्या शेंगा फोडत होतास. मी म्हणालो, "दिगू, त्या विसर्जनाच्या दिवशी..." तू मान वर न करता म्हणालास, "कंडेन्सरच होता, गुरुजी. आता पक्कं सांगतो. सगळं तपासून झालं. आता ह्या विषयावर बोलायचं न्हाई." आणि अर्ध्या शेंगा माझ्या हातात दिल्यास. मी खाल्ल्या.

मला वाटलं, सुटलो. याची खात्री पटली. आता सांगून त्याला कशाला त्रास द्यायचा.

मागच्या आठवड्यात मंजू आली होती, गाडीचे कागद घेऊन. तुझी मुलगी तुझ्यासारखीच बॉनेटवर थाप मारते. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे टाकीपाशी थांबली आणि हसली. "काका, हे झाकण आठवतं मला. ही भोकं पाडताना झाकण मी धरलं होतं."

मी पाहिलं. झाकणाला एक जुनं भोक, आणि त्याच्या बाजूला तीन नवी, नीट अंतर राखून. इतकी वर्षं मी त्या झाकणाकडं मुद्दाम बघत नव्हतो, म्हणून मला ती दिसली नव्हती.

"कधी?" मी विचारलं.

"भूकंप झाला त्या दिवाळीला. मी चौथीत होते. गाडी तवर तशीच झाकून ठेवली होती बाबांनी. झाकणात साबण अडकला होता, तो त्यांनी टाचणीनं काढला. लई वेळ हातात धरून बसले होते. मग ड्रिल आणलं. म्हणाले, आता कुणी एखादं बुजवलं तरी बाकीची राहतील. मी विचारलं, कोण बुजवतं? तर म्हणाले, आपले गुरुजी. पण त्यांना सांगायचं न्हाई हं, मनाला लावून घेतील."

मंजू हे हसत सांगत होती. तिला ती बापाची एक गंमत म्हणून आठवत होती. त्या साबणाचा आणि तिच्या आत्याचा काही संबंध आहे हे तू तिलाही कळू दिलं नव्हतंस. मी आत गेलो आणि तिच्यासाठी चहा ठेवला. दूध उतू गेलं.

म्हणजे दिवाळीतच. दोन महिन्यांच्या आत. मला कळायच्या दहा वर्षं आधी. मग ती कॉइल, तो कंडेन्सर, ती भेसळ, तो वर्षातून एक नवा सिद्धांत? दिगू, तू शोधत नव्हतास. सापडलेलं लपवत होतास. मी चुकूनही त्या झाकणापर्यंत पोचू नये म्हणून तू दरवर्षी मला दुसऱ्या बाजूला नेत होतास, जशी टिटवी आपल्या अंड्यांपासून माणसाला लांब नेते. बाजारातले लोक हसले, मी हसलो, आणि तू भौतिकशास्त्रातला पहिला नंबर असून तीस वर्षं ढ ठरलास. त्या वर्गात तू डबा खाली ठेवलास तो मला कळू नये म्हणून. आणि मी त्यावरून तुला संस्कृती शिकवली.

तुझी बहीण गेली होती. राग धरायचा हक्क तुझा होता. तू कधी तरी, एखाद्या संध्याकाळी, एकटाच असताना तो धरलास का रे? मला तो हवा आहे. मला तो कोणाकडून तरी मिळायला हवा आणि देणारा तू एकटाच होतास. आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत त्या लिंबाखाली वीस वेळा बसलो. शेंगा खाल्ल्या. तुझं चांगुलपण एवढं पुरं होतं की त्यात मला माफी मागायला सुईएवढीही जागा उरली नाही.

तर आता मागतो. साबण मी लावला होता. तुला माहीत आहे, पण तरी.

काल मिस्त्रीला बोलावलं. माझ्या गल्लीतलेच, उस्मानभाई. म्हटलं, एकदा सुरू करून बघू, तुझ्या नावानं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला वगैरे काही लावला नाही. टाकीखालचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढलं आणि बाटली उन्हात धरली. वर पेट्रोल, खाली अर्धी बाटली पाणी.

"सर, ये ढक्कन को इत्ते छेद कौन मारा? बारिश का पूरा पानी टंकी में जारा. कब से ऐसी चलरी?"

मी म्हणालो, त्या दिवाळीपासून.

म्हणजे पुढची तीस वर्षं गाडी खोकली, दचकली, चढावर थांबली, ती तुझ्या तीन भोकांमुळं. हे मात्र तुला खरंच कळलं नव्हतं. शोकसभेतल्या वक्त्याला हे कळवायला हवं.

उस्मानभाईंनी टाकी धुतली, नवं पेट्रोल घातलं, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मग ते म्हणाले, नवीन झाकण येईपर्यंत जास्तीची तीन भोकं बुजवून देतो, कपड्याचा साबण आणा जरा.

मी म्हणालो, घरात साबण नाही. ते अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या धुण्याकडं बघत राहिले.